अंडी उबतील, पण पिल्लांचं काय करणार?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. फोंड्याजवळ घर, मागे कुळागर (नारळी-पोफळीची बाग), नुकती लागलेली नोकरी आणि शाळेत असल्यापासून सापांचं वेड. आता बॉल पायथन या आफ्रिकेतल्या लहान अजगराची जोडी आणून घरीच पैदास करायची आहे. इन्क्युबेटर कसा करायचा, तापमान किती ठेवायचं, हे कायद्यात बसतं का आणि पिल्लं विकून खर्च सुटेल का, असं तुम्ही विचारलंत. शेवटी जाता जाता लिहिलंत की कुळागरात अजगराची मादी अंड्यांवर बसलेली दिसली आहे, त्यातली चार-पाच अंडी काढून सरावासाठी उबवली तर चालेल का. आणि आई सापाच्या नावानेच घाबरते, तिला काय सांगू.

मी गोव्यात बरीच वर्षं साप सोडवायला जातो, आणि रीतसर नोंद केलेले बॉल पायथन घरी पाळतो. त्यांची पिल्लंही काढली आहेत. त्यामुळे रानातला साप आणि खोलीतला साप, दोन्हींविषयी थोडंफार अनुभवाने सांगू शकेन.

कुळागरातल्या अंड्यांचं आधी, कारण त्याला उशीर करून चालणार नाही. त्यांना हात लावू नका. चार नाही, एकसुद्धा नाही. आपला अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हेही येतं. शिक्षा किमान 3 वर्षं आणि 7 वर्षांपर्यंत आहे. सरावासाठी नेली होती, असं सांगून सुटका होत नाही.

कायद्याची भीती नसती तरी मी हेच सांगितलं असतं. सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवायचं नसतं. घातल्यानंतर लवकरच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंसुलटं झालं तर पिल्लू आतल्या आत मरू शकतं. अजगराची अंडी एकमेकांना चिकटून त्यांचा एक गठ्ठा झालेला असतो, तो सोडवताना कवच फाटतं. आणि ज्या कामासाठी तुम्ही थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र) विकत घेणार आहात ते काम ती मादी तुमच्यापेक्षा चांगलं करते आहे. ती वेटोळं घट्ट करून अंडी झाकते, आणि गारठा वाढला की अंगाचे स्नायू आकसून-सैल करून स्वतःच उष्णता तयार करते. लांबून पाहिलं तर उचकी लागल्यासारखं तिचं अंग मधूनमधून हलताना दिसतं. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या अंड्यांवर बसलेल्या मादीवर मोजमाप करून हे 1966 साली सिद्ध झालं आहे. थंड रक्ताचा म्हणून ज्या प्राण्याला आपण ओळखतो तो अंड्यांसाठी आपलं अंग हवेपेक्षा काही अंश गरम ठेवतो. साप पाळण्याची आवड असलेल्या माणसाच्या घरामागे हे चाललं आहे, यापेक्षा चांगली शाळा कुठे मिळणार?

तेव्हा करायचं ते इतकंच. जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात कळवा. कुळागरात काम करणाऱ्या सगळ्यांना आणि नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याला जागा दाखवून ठेवा. त्या भागात पालापाचोळा जाळू नका. एप्रिल-मे महिन्यांत घरट्यांचा नाश त्यानेही होतो. पाटाचं पाणी किंवा स्प्रिंकलर त्या घरट्याकडे वळत असेल तर वळण बदला. कुत्रा असेल तर बांधून ठेवा, कोंबड्यांच्या खुराड्याला बारीक जाळी मारा. मादी या काळात सहसा खात नाही, पण उठून गेल्यावर भुकेली असते. अंडी घातल्यापासून साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे पावसाच्या तोंडावर किंवा पाऊस लागल्यावर, पिल्लं बाहेर पडतील आणि आपापल्या वाटेने पांगतील. आई पिल्लांना सांभाळत नाही. त्यातलं एखादं न्हाणीघरात शिरलं तर वनखात्याला किंवा तुमच्या भागातल्या सर्पमित्राला बोलवा, पण बाटलीत घालून ठेवू नका. ज्या गोव्यात सातेरी देवी म्हणून वारुळाला हात जोडतात, तिथे दोन महिने एक कोपरा सोडणं कुणाला जड जाऊ नये.

आता बॉल पायथन. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन हे त्याचे मुख्य निर्यातदार देश. तीन ते पाच फुटांचा, जाडसर, सावकाश हालणारा, घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करणारा. म्हणूनच नवख्यांना तो आवडतो.

भारतात त्याचं कायदेशीर स्थान गेल्या काही वर्षांत बदललं आहे, आणि विक्रेते नेमकी तीच गोष्ट सांगत नाहीत. पूर्वी परदेशी साप एकदा देशात आला की त्याला वन्यजीव कायदा जवळपास लागू होत नसे. 2022 च्या दुरुस्तीने ते संपलं. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजातींसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. बॉल पायथन साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून तो या अनुसूचीत येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी होते त्यांनी सहा महिन्यांच्या आत परिवेश 2.0 या पोर्टलवर माहिती द्यायची होती. आता नव्याने घेणाऱ्यालाही नोंद करावी लागते. जन्म, मृत्यू आणि दुसऱ्याकडे दिलेला प्राणी, हे सगळं कळवावं लागतं. हे काम राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जातं. आपल्याकडे म्हणजे पणजीत आल्तिनोच्या वनभवनात. साप घेण्याआधी एकदा तिथे जा आणि सध्या काय कागद लागतात ते लेखी विचारा. नियमांची अंमलबजावणी अजून घडी बसण्याच्या अवस्थेत आहे, म्हणून माझ्या किंवा कुणाच्याही सांगण्यावर विसंबू नका.

याचा तुमच्या बेताशी थेट संबंध असा. जोडीतल्या एकाचे जरी कागद नसतील तर पिल्लांना कागद मिळवून देणं तुम्हाला जवळपास अशक्य होईल. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत बॉल पायथन सापडल्याच्या चेन्नई, बंगळूर, मुंबईच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. असा माल पुढे व्हॉट्सॲप ग्रुपवर 'घरी काढलेलं पिल्लू' म्हणून फिरतो. विकणारा कागद नंतर पाठवतो म्हणाला की तिथेच नमस्कार करावा. आणि कुणी अजगराचं, मांडुळाचं, धामणीचं किंवा नागाचं पिल्लू 'पाळायला' देतो म्हणाला तर तो सरळ गुन्हा आहे. मांडुळाच्या नावाने पैशांचा पाऊस पाडणाऱ्यांनी तर त्या बिचाऱ्या प्राण्याचा छळ मांडला आहे.

समजा, कागद सगळे नीट झाले. मग खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो तुम्ही विचारलेला नाही. तुम्ही इन्क्युबेटर विचारलात. अंडी उबवणं हा या छंदातला सोपा भाग आहे. थोडी शिस्त असली तर अंडी उबतात. अवघड आहे ते पुढचं: प्रत्येक पिल्लाला खायला शिकवणं, आणि त्याच्या आयुष्यभराची सोय लावणं. बॉल पायथन नीट सांभाळला तर 20 ते 30 वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुइस प्राणिसंग्रहालयाला 1961 साली कुणीतरी पाळलेली एक मादी दिली होती. तिने 2020 साली, निदान 62 वर्षांची असताना, अंडी घातली, तीही कित्येक वर्षं नराचा सहवास नसताना.

आता हिशोब करा. बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण सहा-सात अंडी घालते, कधी तीन, कधी दहाच्या पुढे. एक मादी दहा वर्षांत पाच वेळा व्याली तरी तीसेक साप झाले. तुम्ही आज 23 वर्षांचे आहात. त्या तीस सापांतले बरेचसे तुम्ही पन्नाशीला पोचलात तरी कुठेतरी जिवंत असतील. ते कुठे असतील, त्यांना उंदीर कोण देत असेल, हे ठरवल्याशिवाय नर आणि मादी एका पेटीत टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः आधी घर ठरल्याशिवाय जोडी लावत नाही, आणि ज्याच्याकडे पिल्लू गेलं त्याला ते झेपलं नाही तर परत घेतो. त्या परत येणाऱ्यांसाठी पेट्या रिकाम्या ठेवाव्या लागतात.

नाही जमलं तर रानात सोडून देऊ, हा विचार मनात आला असेल तर तो तिथेच खोडून टाका. फ्लोरिडातल्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर सुटले, त्यांची तिथे वस्ती झाली, आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिथे अजगर सर्वांत आधीपासून आहेत त्या भागात रॅकून हा सस्तन प्राणी दिसण्याचं प्रमाण 99 टक्क्यांहून जास्त घटल्याचं आढळलं. बॉल पायथन तेवढा मोठा नाही हे खरं, पण हवामान आपल्याकडेही त्याला मानवणारं आहे. शिवाय पाळलेल्या सापांच्या श्वसनाचे विषाणू, बुरशीचे रोग, गोचिडी, हे सगळं तुमच्या पेटीतून म्हादईच्या रानात जाईल. तिथल्या सापांना त्यातलं काहीच माहीत नाही.

हवामानाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेले आहेत. त्यांची सगळी धडपड ऊब देण्याची. आपली धडपड उलट असते. बॉल पायथनच्या पेटीत गरम बाजूला 31-32 अंश आणि थंड बाजूला 26-27 अंश लागतात. गोव्यात मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्याच्या खोलीत दुपारी थंड बाजूच शिल्लक राहत नाही. म्हणून खोली निवडताना तळमजल्याची, पश्चिमेचं ऊन न लागणारी निवडा. कौलारू घर असेल आणि भिंती जांभ्या दगडाच्या असतील तर निम्मं काम झालंच. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) पेटीच्या तिसऱ्या हिश्श्याखालीच, आणि थर्मोस्टॅटशिवाय कधीच नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट सापाचं पोट भाजते. साप उठून बाजूला जात नाही, हे नवख्यांना खरं वाटत नाही.

पावसाळ्यात प्रश्न ओलाव्याचा. या सापाला साठ-पासष्ट टक्के आर्द्रता पुरते, कात टाकताना थोडी जास्त. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच त्याच्या कितीतरी वर असते. पेटीत तळाला नारळाचा भुसा घालून ठेवलात तर आठवड्याभरात पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग, मग फोड येतात. मी पावसाळ्यात साधा कागद घालतो, तो ओला दिसला की त्याच दिवशी बदलतो, आणि पेटीला जास्तीची भोकं पाडून ठेवली आहेत. नाकाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडून डोकं वर धरून बसणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये. गोव्यात सापांवर उपचार करणारे पशुवैद्य मोजकेच आहेत. साप आणण्याच्या आधी त्यांच्यापैकी एकाशी ओळख करून घ्या, साप आजारी पडल्यावर नव्हे. उलट, तुमची खोली वातानुकूलित असेल तर हवा इतकी सुकते की कात तुकड्यातुकड्याने निघते आणि डोळ्यांवरचे पापुद्रे अडकून राहतात.

आता जोडी लावण्याचं. मादी किमान तीन वर्षांची आणि दीड किलोच्या वरची हवी. वय आणि वजन दोन्ही. भरपूर खायला घालून दीड वर्षात वजन वाढवलेली मादी अंडी घालेलही, पण त्यात ती खचते. नर सातशे-आठशे ग्रॅमचा पुरतो. नर-मादी ओळखण्यासाठी शेपटीत सळई घालून पाहतात किंवा पिल्लात अवयव दाबून बाहेर काढून पाहतात. दोन्ही गोष्टी शिकलेल्या हाताच्या आहेत, व्हिडिओ पाहून करू नका.

नोव्हेंबरपासून रात्री गार व्हायला लागतात. परदेशात मुद्दाम यंत्रं लावून रात्रीचं तापमान उतरवतात. फोंडा, सत्तरी, सांगेकडे ते आपोआप चोविसाच्या आसपास किंवा खाली येतं, इतकं की जानेवारीत उलट थोडी ऊब द्यावी लागते. नर दोन-तीन दिवस मादीच्या पेटीत ठेवायचा, मग काढून विश्रांती द्यायची. शेपट्या एकमेकींत गुंतवून ते तासन् तास पडून राहतात. या काळात नर कित्येक आठवडे खात नाही. वजन फार उतरत नसेल तर त्याची काळजी नको.

मादीत अंडी उतरतात तो दिवस ओळखता यायला हवा. अंगाच्या मधल्या भागाला, मोठं भक्ष्य गिळल्यावर दिसतो तसा, फुगवटा येतो आणि जेमतेम दिवसभरात ओसरतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते, आणि त्या कातेनंतर साधारण महिन्याभराने अंडी. मधल्या दिवसांत ती गरम बाजूला पोट वर करून, अंग पिळून पडलेली दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं मेलीच. तिला हात लावू नका, खायचा आग्रह करू नका. कातेची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण ठरल्या वेळेपेक्षा पुष्कळ दिवस उलटले किंवा काही अंडी घालून ती थांबली आणि अंगात गाठी दिसत राहिल्या तर अंडी अडकलेली असतात आणि पशुवैद्याकडे जावंच लागतं.

अंडी घातल्यावर मादीला हलकेच उलगडून अंडी काढायची, जशी आहेत त्याच दिशेने. मी प्रत्येक अंड्याच्या डोक्यावर पेन्सिलीने खूण करतो, म्हणजे चुकून फिरलं तर कळतं. चिकटलेली अंडी सोडवत बसू नका. अंधारात मोबाइलचा टॉर्च लावला की जिवंत अंड्यात लालसर शिरांचं जाळं दिसतं. वांझ अंडं पिवळं, बारीक आणि आतून एकसारखं असतं. मादीला कोमट पाण्याने पुसून तिची पेटी स्वच्छ धुवा. अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेवर वेटोळं घालून बसते आणि खायचं टाळते.

इन्क्युबेटरला महागडं काही लागत नाही. मासळीचा जाड थर्माकोलचा डबा, त्यात हीट केबल, चांगला थर्मोस्टॅट, आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. अंड्यांखाली वर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारं हलकं खनिज), त्यात वजनाइतकंच पाणी. मूठ आवळली तर एखाददुसरा थेंब निघावा, धार नव्हे. अंडी झाकणाच्या डब्यात, डबा इन्क्युबेटरमध्ये. तापमान 31 ते 32 अंश, तापमापकाचं टोक अंड्यांच्या पातळीला. तापमापक दोन ठेवा, एकावर विसंबू नका. पंचावन्न ते साठ दिवस लागतात.

इथे पुन्हा गोव्याची गोष्ट येते. मार्च-एप्रिलमध्ये घातलेली अंडी मे-जूनपर्यंत इन्क्युबेटरमध्ये असतात, म्हणजे सर्वांत कडक उन्हाळा आणि लगेच पहिल्या पावसात वीज जाण्याचे दिवस. वीज गेली तर फार घाबरू नका. पाण्याच्या बाटल्या ऊब धरून ठेवतात, आणि काही तास तापमान सत्ताविसापर्यंत उतरलं तर अंडी फक्त थोडी उशिरा उबतात. घात होतो तो तापमान वर गेलं की. चौतीस-पस्तीस अंश टिकून राहिले तर वाकड्या कण्याची पिल्लं निघतात किंवा अंडी मरतात. मेच्या दुपारी खोलीच तेहतीस अंशांवर असेल तर थर्मोस्टॅट काय करणार? तो फक्त बंद होऊ शकतो, थंड करू शकत नाही. म्हणून मी त्या महिन्यांत इन्क्युबेटर घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, जमिनीवर ठेवतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत अंडी चेपल्यासारखी दिसू लागतात. पाणी कमी पडलं म्हणून शिंपडू नका, ते होणारच असतं. मग एका सकाळी कवचाला एक बारीक चीर दिसते. पिल्लाच्या वरच्या ओठावर एक इवलासा दात असतो, तेवढ्याच कामाचा. त्याने ते कवच आतून कापतं, नाक बाहेर काढतं, आणि तसंच थांबून राहतं, दिवसभर, कधी दीड दिवस. आत राहिलेला बलक ते या वेळात पोटात ओढून घेत असतं. याच वेळी लोकांचे हात शिवशिवतात. ओढून काढलेलं पिल्लू बलकाची पिशवी फाटून मरतं. झाकण लावा आणि आपल्या कामाला जा.

आठ-दहा दिवसांनी पिल्लं पहिली कात टाकतात, त्यानंतर पहिलं खाणं. आणि मी वर म्हटलं तो अवघड भाग इथे येतो. सहांतली चार खातील. पाचवं तिसऱ्या आठवड्यात खाईल. सहावं महिनाभर तोंड फिरवेल. त्याला अगदी लहान पेटी, अंगाला चिकटेल एवढीच लपायची जागा आणि शांतता लागते. दर दोन दिवसांनी उंदीर नाकाशी नाचवला तर ते आणखी घाबरतं. पाच-सात दिवस सोडून, संध्याकाळी, अंधार करून द्यायचं. जबरदस्तीने तोंडात भरवणं अगदी शेवटी, आणि शिकून घेतल्याशिवाय नाहीच. निदान पाच-सहा वेळा स्वतःहून खाल्लेलं नाही ते पिल्लू कुणाला देऊ नये. म्हणजे पिल्लं दोन-तीन महिने तुमच्याकडेच राहणार, प्रत्येक वेगळ्या पेटीत.

उंदीर कुठून आणणार, हाही विचार झालेला दिसत नाही. घरात किंवा कुळागरात पकडलेले उंदीर कधीच देऊ नका. त्यांनी विष खाल्लेलं असू शकतं, ते सापाच्या पोटात जातं. पकडणाऱ्या माणसाला लेप्टो तापाची भीती ती वेगळी. पांढरे उंदीर स्वतः पाळायचे तर सापांपेक्षा त्यांनाच जास्त वेळ, जास्त खर्च आणि कितीतरी जास्त वास. साप आठवड्यातून एकदा खातो, उंदीर दिवसभर. गोठवलेले मिळत असतील तर सर्वांत बरं: पूर्ण वितळवून, कोमट करून, चिमट्याने द्यायचे. जिवंत उंदीर सापाला चावतो, डोळाही फोडतो. फ्रीज मात्र वेगळा हवा, आणि त्याचं आईशी आधी बोलून घ्या.

रंगांविषयी. पांढरा-पिवळा अल्बिनो, पांढऱ्या पट्ट्यांचा पायबाल्ड, असे शेकडो प्रकार पैदास करून काढलेले आहेत, आणि तुम्हाला त्यातूनच पैसे दिसत असणार. अल्बिनोचा गुण असा आहे की तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. समजा, दिसायला साधे पण अल्बिनोचा गुण वाहणारे नर-मादी आणलेत आणि आठ अंडी आली. सरासरीने दोन अल्बिनो, बाकी सहा दिसायला साधी. त्या सहांतली चार गुण वाहतात, दोन नाहीत, आणि कुठली चार ते बघून कळत नाही. अल्बिनो दोघांना मागणी येईल. साधी सहा कोण घेणार? भारतात हा प्राणी रीतसर नोंदवून सांभाळायला तयार असणारी माणसं थोडी आहेत. म्हणून खर्च सुटेल का या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. पेट्या, वीज, उंदीर, पशुवैद्य आणि न गेलेली पिल्लं धरली तर हा पैसे घालायचा छंद आहे. कमाईची आशा ठेवून आलेला माणूस खर्च कुठे वाचवतो, तर सापाच्या जागेत आणि खाण्यात.

आणि 'स्पायडर' हा प्रकार कुणी कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका. नक्षी देखणी असते, पण त्याच गुणासोबत कानाच्या आतल्या रचनेत दोष येतो; 2022 साली स्कॅन करून तो दाखवला गेला आहे. त्या सापाचं डोकं डुलतं, पिळवटतं, भक्ष्यावर नेम चुकतो, काहींना सरळही राहता येत नाही. माणसाच्या डोळ्यांना नक्षी आवडते म्हणून असा जीव मुद्दाम जन्माला घालणं मला पटत नाही.

मग काय करावं? एकच नर घ्या, कागदपत्रांसह, निदान तीन-चार वेळा खाल्ल्याची खात्री करून. त्याच्यासोबत दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढा. त्याचं वजन महिन्याला वहीत लिहा. तो खायचं सोडेल तेव्हा धीर धरायला शिका, कात नीट निघते का बघा, वीज गेलेल्या रात्री खोलीचं तापमान मोजा. गावात साप निघाला की अनुभवी सर्पमित्रासोबत जा, लांब उभं राहून बघा. घोणस आणि अजगराचं पिल्लू पहिल्या नजरेत ओळखता येणं हे तुमच्या भागात इन्क्युबेटरपेक्षा जास्त उपयोगी आहे. अजगर समजून घोणस उचलणारे लोक दरवर्षी दवाखान्यात पोचतात. दोन वर्षांनंतरही पैदास करावीशी वाटली तर मादीचा विचार करा, आणि तेव्हा मला पुन्हा लिहा.

आता तुमच्या आईंविषयी. त्यांची भीती खोटी ठरवायला जाऊ नका. कोकणात, गोव्यात वाढलेल्या माणसाने सापाला घाबरणं हे शहाणपणाचंच आहे. फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे सगळे आपल्या अंगणात येतात. आईंना खरं ते सांगा: बॉल पायथन बिनविषारी आहे, क्वचित चावतो, चावला तर ओरखडे येतात. हा पळून जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक पेटीला कुलूप आणि खोलीच्या दाराखाली फळी राहील. त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत कधीच धुतली जाणार नाहीत. एवढं सांगूनही त्या नाही म्हणाल्या तर नोकरीच्या गावी स्वतःची खोली होईपर्यंत थांबा. तुम्ही बाहेरगावी असाल त्या दिवशी सापाचं पाणी बदलणारा माणूस घरात त्याच असणार आहेत.